सोडवणीचा कोंबडा

ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत विनोद म्हणून सांगतात. एका म्हाताऱ्याची नात गोरीनं पळवली. म्हातारा तिला सोडवायला कोंबडा घेऊन गेला. गोरीनं कोंबडाही ठेवून घेतला आणि नातही ठेवून घेतली. एवढीच गोष्ट. शेवटी सांगणारा कोंबड्यासारखा आरवतो आणि ऐकणारे मांडीवर थाप मारतात. एका दमात सांगितली तर कुणीही हसेल.

म्हणून मी ती एका दमात सांगणार नाही. तोडून तोडून सांगते. जिथं हसू यायला लागेल तिथं थांबेन.

*

म्हातारा म्हणजे माझा मामा, लुगेंबे. माझ्या आईचा थोरला भाऊ. उभा जन्म त्यानं जंगलात झाडांवर सालीच्या मधपेट्या टांगण्यात घालवला. आता झाडावर चढवत नाही, तर खाली उभा राहून चढणाऱ्याच्या चुका काढतो.

नात म्हणजे न्यामिझी. तिची आई तापानं गेली तेव्हा ती रांगत होती. बाप सोन्याच्या खाणीकडे गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं घर मांडलं. तेव्हापासून ही दोघं एका झोपडीत.

मी शिजा. बालवाडीत पेज शिजवते.

गोरी म्हणजे मारित. थंड देशातली, उंच, उन्हानं कायम लाल झालेली. तिच्याआधी जे स्वयंसेवक आले ते पोरांबरोबर फोटो काढून, गाणं शिकवून, रडून निघून गेले. ही राहिली. सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारी घरोघरी फिरायची. कुणाच्या बाळाचं वजन घटलं, कुणाला खोकला आहे, कोणती आई दवाखान्यात जायला घाबरते, हे सगळं विचारायची आणि विचारून झाल्यावर मदतही करायची. आमची भाषा तिला चांगली येत होती. हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं तिला भाषा कळली नाही. तिला शब्द न् शब्द कळत होता.

*

ती आली त्या दिवशी तिच्याशी कसं वागायचं हे कुणाला कळेना. पाहुणी असेल तर जेवू घालायचं, लेक असेल तर कामाला लावायचं, अधिकारी असेल तर भ्यायचं. ही यातलं काहीच नव्हती. आंब्याच्या झाडाखाली मामाच्या स्टुलावर अवघडून बसली होती आणि सगळं गाव लांबून बघत होतं.

मामा पुढं झाला. त्यानं विचारलं, तू कुठल्या बाजूनं आलीस. ती म्हणाली, समुद्राच्या.

"म्हणजे किनाऱ्याची," मामा म्हणाला. "मग ऊठ माझ्या स्टुलावरून, नारळचोर."

गाव खदखदून हसलं. ती दचकून उठली. तेव्हा शिंप्याची बायको म्वानाहावा तिच्या कानाशी लागली. म्वानाहावा खरोखरची किनाऱ्यावरची, लग्न होऊन आमच्यात आलेली. ती म्हणाली, घाबरू नको बाई, आता तू माझ्यासारखी झालीस, त्याला हमाल म्हण.

मारित बारीक आवाजात म्हणाली, "हमाल."

त्यावर जो गलका झाला त्यानं झाडावरचे पक्षी उडाले. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो खूश झाला.

*

आमचे वाडवडील हस्तिदंत डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत चालत जायचे. वाटेत किनाऱ्याच्या लोकांशी त्यांची भांडणं झाली, त्यांच्या दारात ते आजारी पडले, तिथंच मेले आणि त्यांच्याच हातांनी पुरले गेले. त्यातून ही थट्टासोयरीक झाली. ते आम्हाला हमाल म्हणणार, आम्ही त्यांना नारळचोर. तुमच्या घरी मयत झालं तर सोयरा सगळ्यांच्या आधी येणार, आणि येऊन शिव्या देणार.

सोयरा तुमच्या अंगणातून कोंबडी उचलून नेऊ शकतो. लग्नात नवरदेवाची सायकल पळवू शकतो. माझी आई गेली तेव्हा म्वानाहावा आईच्या चटईवर शेजारी आडवी झाली आणि म्हणाली, ही मेलेली नाही, कामचुकार आहे, भाकड गाईसारखी पडून राहिलीय, मला बकरीची मांडी मिळाल्याशिवाय मी हलायची नाही. आम्ही रडता रडता हसलो. त्या हसण्यामुळेच मला पुढचे दिवस काढता आले.

नेलेली वस्तू सोडवून आणायची असते. काहीतरी लहानसं घेऊन जायचं, आणखी चार शिव्या खायच्या, आपली वस्तू घेऊन घरी यायचं.

एकच गोष्ट चालत नाही, रागावणं. सोयऱ्यावर रागावला त्यानं आजोबा-पणजोबांपासूनचं नातं मोडलं. अशा माणसाचं नाव गाव विसरत नाही.

आणि हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. समजावून सांगितलेली थट्टा म्हणजे पाणी घातलेली पेज.

*

आजा-नातवंडांतही आमच्याकडे हीच रीत.

"म्हाताऱ्या, तुझे दात कुठं गेले?"

"तुझ्या आजीला चावलो तेव्हा तिथंच राहिले."

"मग भांड्याची खरवड कशी खाशील?"

"तू खातेस ते बघून पोट भरतं. बकरी बरी तुझ्यापेक्षा. बकरी निदान झोपताना तोंड बंद ठेवते."

हे रोज चालायचं. न्यामिझी त्याचं स्टूल पळवायची, त्याच्या टोपीत भुईमुगाची टरफलं भरायची, त्याच्या चालण्याची नक्कल करत त्याच्या मागं मागं पाणवठ्यावर जायची. तो काठी उगारायचा. गावातलं कुठलंही पोर तितकं उद्धट नव्हतं आणि कुठल्याही पोरावर तितकी माया नव्हती. आम्हाला हे दोन्ही एकच वाटायचं.

मारित त्यांच्या घरी वजनाचा काटा घेऊन जायची तेव्हा मामा दारातूनच सुरू करायचा.

"ए नारळचोर, ही पोरगी घेऊन जा बाई. माझी कोठी रिकामी केली, आता मला खाईल."

"नेईन हं. खरंच नेईन."

"ने की. वर बकरी देतो. पण परत आणू नको, वाटेत सिंहाला घाल."

"सिंह मला तोंड लावणार नाही," न्यामिझी आतून ओरडायची. "अंगाला म्हाताऱ्याचा वास येतो माझ्या."

*

एकदा मारित माझ्या चुलीशी येऊन बसली. भांड्यातली पेज ढवळत ती म्हणाली की माणूस हसत हसत खरं बोलतो. लुगेंबे आजोबा इतक्या वेळा तेच का म्हणतात? त्यांना सरळ मागायची लाज वाटत असेल.

मी म्हटलं, थट्टा करतो तो.

ती म्हणाली, थट्टा करतात हे मला माहीत आहे. पण त्यांच्या कोठीत डोकावून पाहिलंस का?

पाहिलं होतं. त्या वर्षी पाऊस मध्येच थांबला होता आणि मक्याची कणसं दाणे न भरताच वाळली होती. मामाच्या कोठीचा तळ दिसत होता. तो खोकत होता. न्यामिझी हुशार होती, आणि हे मारितनं मला सांगायच्या आधी सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून मी गप्प बसले. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्याचा मामाच्या थट्टेशी काही संबंध नव्हता.

*

मारितनं त्याला विचारलं. न विचारता नेलं असं कुणी म्हणू नये.

पहिल्यांदा तिनं एकटीनं जाऊन विचारलं. तो मधपेटीची साल शिवत बसला होता. शहरात मुलींचं वसतिगृह आहे, तिथं शाळा आहे, खर्च माझ्या ओळखीचे लोक करतील, न्यामिझीला नेऊ का, असं तिनं सरळ विचारलं. तो म्हणाला, तिला एकटीला कशाला, मलाही ने, मी पहिलीत बसतो. तिनं विचारलं, म्हणजे हो? तो म्हणाला, हो म्हणजे काय, तिचे पाय धुऊन देतो.

दुसऱ्यांदा तिनं गावच्या अध्यक्षासमोर विचारलं, सगळ्यांच्या देखत. मामानं हात जोडले आणि म्हणाला, अध्यक्षसाहेब, या बाईनं माझ्यावरचं संकट टाळलं, तिला पदक द्या. अध्यक्ष हसून हसून डोळे पुसत म्हणाला, नेऊ द्या, नेऊ द्या. त्या काळी अध्यक्षाचा शब्द पुरायचा.

जायच्या आदल्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो काय म्हणाला ते मी सांगत नाही. ते सगळ्यात विनोदी होतं.

मामा नंतर मला म्हणाला, इतकी लांबवलेली थट्टा मी जन्मात पाहिली नव्हती. एवढं गंभीर तोंड, एवढी तयारी. आमच्यातल्या जुन्या लोकांनासुद्धा जमलं नसतं. मला वाटलं, पोरगी शिकली.

*

जीप सकाळी आली.

मारितनं न्यामिझीसाठी नवी पिशवी आणली होती. मामानं स्वतः नातीला उचलून जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, जपून चालव, माल सडका आहे. बायकांनी नवरी निघताना म्हणतात ते गाणं धरलं. न्यामिझी राजाच्या बायकोसारखी हात हलवत होती आणि ओरडत होती, "म्हाताऱ्या, मी गेले की स्टुलावर बसून घे, एकदाचं." मारित रडत होती. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणाल्या, बघा, रडूसुद्धा येतं हिला मनात आणल्यावर. म्वानाहावानं जीपचं दार धरून वाटेचा कर मागितला आणि

थांबते.

*

जीप गेली. धूळ बसायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी मामानं मक्याच्या पिठाच्या उगालीचा एक गोळा नातीसाठी झाकून ठेवला. सकाळी तो कोंबड्यांना घातला.

*

म्वानाहावा दुसऱ्याच दिवशी मामाकडे आली. आल्या आल्या शिवी दिली नाही, तेव्हाच मला कसंतरी झालं.

ती म्हणाली, "लुगेंबे, आम्ही किनाऱ्याचे लोक नेलेलं उन्हं उतरायच्या आत परत करतो. हे वेगळं दिसतंय. जा, आणून घे."

मामा म्हणाला, लगेच धावत गेलो तर ती म्हणेल हमाल घाबरला. थोडं थांबू दे तिला. तिलाच वाट बघू दे.

सोयऱ्यापुढं घाई दाखवणं म्हणजे हरणं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो बाजारच्या दिवसापर्यंत थांबला. मग पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत. रोज रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, मधमाश्या कुठल्या बाजूला जातात ते बघतोय.

मग त्यानं कोंबडा निवडला. खरं तर सोडवणीला मूठभर ज्वारीसुद्धा चालली असती. पण त्यानं अंगणातला तांबडा घेतला, ज्याचा तुरा एका बाजूला पडलेला होता आणि ज्याला कुत्रीही घाबरायची. एवढी मोठी थट्टा केली तिनं, मामा म्हणाला, जिंकल्याचं काहीतरी मिळायला पाहिजे तिला.

*

मी त्याच्याबरोबर गेले. बसमध्ये कोंबडा त्याच्या काखेत होता आणि मामा आनंदात होता. काय काय बोलायचं ते ठरवत होता.

वसतिगृह टेकडीवर होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड. मारित तेव्हा तिथंच राहत होती, न्यामिझी रुळेपर्यंत. आम्हाला बघून ती धावत आली.

मामानं कोंबडा पुढं केला.

"घे, चोरटे. जिंकलीस. माझा गडी घे आणि माझी पोर दे."

मारितनं कोंबडा दोन्ही हातांनी घेतला, आमच्यात भेट घेतात तसा. हे तिला आम्हीच शिकवलं होतं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, आजोबा, याची काही गरज नव्हती, तुमच्याकडे आधीच इतकं कमी आहे आणि तुम्ही आभार मानायला एवढ्या लांब आलात. मग तिनं कोंबडा स्वयंपाकिणीकडे दिला. स्वयंपाकीण त्याला पायांनी धरून मागच्या बाजूला घेऊन गेली.

इथं सांगणारे आरवतात.

*

आम्हाला खोलीत बसवून काचेच्या पेल्यांत चहा दिला. मामा दाराकडे बघत होता. त्याच्या हिशेबानं आता न्यामिझी बाहेर यायला हवी होती.

मारित सांगत होती, सुरुवातीला न्यामिझी फार रडली. आता एक मैत्रीण मिळालीय. घरचं माणूस दिसलं की पोरं पुन्हा रडायला लागतात, म्हणून वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलंय की इतक्यात भेटवायचं नाही. पण खिडकीतून बघा.

खिडकीतून निळ्या कपड्यांतल्या पोरींची रांग दिसत होती. सगळ्यांचे केस बारीक कापलेले. त्या काहीतरी पाठ म्हणत होत्या.

"ती बघ," मामा मला म्हणाला.

"ती नाही मामा. तिच्या शेजारची."

त्यानं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग येऊन बसला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला,

"मारित."

तोपर्यंत त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"पोर परत दे."

हे वाक्य त्यानं कसं म्हटलं ते मला नीट आठवतं. आवाज चढवला नाही, डोळे मिचकावले नाहीत. त्याच्या आयुष्यात एखाद्या सोयऱ्याला त्यानं सरळ म्हटलेलं ते पहिलंच वाक्य असेल.

मारितनं त्याच्याकडे पाहिलं. एक क्षण ती गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला, अवघड गणित सुटल्यावर पोरांचा उजळतो तसा. तिनं कमरेवर हात ठेवले.

"नाही देत, हमाला. आता ती माझी उगाली खाते. सोडवायची असेल तर हत्ती घेऊन ये."

उत्तर बिनचूक होतं. म्वानाहावानं हेच दिलं असतं. दारात उभी असलेली स्वयंपाकीण फस्सकन हसली.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी मामा हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून हसला. त्याच्या तोंडातले उरलेले दात दिसत होते आणि हात गुडघ्यावर घट्ट आवळलेले होते.

*

परतीच्या बसमध्ये.

"पोर परत दे. कसं वाटलं?"

"ठीक आहे, मामा."

"राग दिसला?"

"नाही."

"पोर परत दे. आता?"

"थोडा."

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघायला लागली. मामानं तिलाच विचारलं, "तू सांग, ताई. पोर परत दे. मी रागावलोय असं वाटतं?"

ती म्हणाली, "मला तर तुम्ही रडताय असं वाटतंय, बाबा."

"रडत नाहीये मी," मामा म्हणाला. आणि खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणत राहिला. पोर परत दे. पोर परत दे. दर वेळी वेगळ्या सुरात. कंडक्टरला वाटलं म्हातारा प्यायलाय.

*

पुढच्या आठवड्यात मारित गावात आली. पेजेचं भांडं उतरवून मी तिला सगळं सांगितलं. समजावून सांगितलं. ज्वारीची मूठ, सायकल, आईची चटई, झाकलेला गोळा, कोंबडा कशासाठी होता, सगळं.

ती सरपणावर बसली.

"पण मी विचारलं होतं, शिजा. किती वेळा विचारलं."

"विचारलंस."

"ते प्रत्येक वेळी…"

"हो."

मग ती उठली आणि पळतच मामाच्या घराकडे निघाली. मी मागोमाग. मामा दारात चकत्या वाळत घालत होता, रताळ्याच्या. ती त्याच्यासमोर मातीत बसली. मोठ्यानं रडायला लागली. मला माफ करा, म्हणाली. मी आत्ता जीप बोलावते, उद्या सकाळी ती तुमच्या दारात असेल. तुम्ही फक्त हो म्हणा.

कुंपणाशी माणसं गोळा झाली. जी माणसं त्या दिवशी गाणं म्हणत होती तीच. कुणी हसत नव्हतं. सोयरी दारात बसून खरं रडतेय असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मयताच्या घरातसुद्धा तिनं हसवायचं असतं.

मामानं कुंपणाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. हात चकत्यांच्या पिठानं पांढरे झाले होते, ते त्यानं लुंगीला पुसले.

"रडू नको, बाळ," तो म्हणाला. "शाळा लागलीय ना तिची? राहू दे. चांगलं आहे."

"खरंच? थट्टा नाही ना?"

"थट्टा नाही."

सगळ्या प्रकरणात त्यानं तिला सरळ दिलेलं उत्तर हे एकच. आणि तेच खोटं होतं.

मी नंतर त्याला विचारलं, असं का केलंस. त्यानं चकत्या उलट्या केल्या. मग म्हणाला, एवढ्या लोकांत रडत होती. आण म्हटलं असतं तर ती तोंड कुठं लपवणार होती? काही दिवस जाऊ देत, लोक तिचं रडणं विसरले की हळूच सांगीन.

पण काही दिवसांनी आणखी चार घरांतून लोक मारितकडे आपापल्या पोरी घेऊन गेले, आमचीही ने म्हणून. अध्यक्ष मामाला म्हणाला, तुझ्यामुळे गावाचं भलं झालं. मग हळूच सांगायलाही जागा उरली नाही.

*

मारित आंबे पिकायच्या आत आपल्या देशी परत गेली. उरलेले सगळे दिवस ती मामाशी फार आदरानं वागली. लांबून दिसला तरी थांबून नमस्कार करायची. त्याच्या खोकल्याचं औषध स्वतः आणून द्यायची. तोही तिला बस म्हणायचा, पाणी द्यायचा. स्टूल पुढं करायचा. नारळचोर पुन्हा कुणी म्हटलं नाही.

ती निघाली तेव्हा मामा तिला म्हणाला, "जपून जा."

म्वानाहावा माझ्या शेजारी उभी होती. ती पुटपुटली, ऐकलंस? परक्याला म्हणतात तसं म्हणाला.

*

सुट्टी लागली आणि न्यामिझी बसनं आली.

उंच झाली होती. निळा गणवेश, पायांत बूट. मामा रस्त्यावर सकाळपासून उभा होता आणि त्या दिवशी मधमाश्यांचं नावही त्यानं काढलं नाही. ती उतरली, त्याच्यासमोर आली, गुडघे टेकले आणि मान खाली घालून म्हणाली, "शिकामो, आजोबा." मोठ्या माणसांना म्हणतात तसं. वसतिगृहात ते सगळ्यांना शिकवत असतील. चांगलंच आहे ते.

मामा हातातल्या काठीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "कोण गं तू? माझी बकरी कुठाय?"

"कुठली बकरी, आजोबा?"

"तीच, जी झोपताना तोंड उघडं ठेवायची."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आता मी तोंड बंद ठेवून झोपते. बाई तपासतात."

घरी आल्यावर तिनं पाय धुतले. अंगण झाडलं. स्टूल उचलून मामासाठी सावलीत ठेवलं आणि स्वतः चटईवर पाय दुमडून बसली. मी भोपळ्याच्या तुंब्यात दूध घेऊन आले होते, मलाही तिनं उठून नमस्कार केला. शाळेबद्दल विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मामा तिच्याकडे चोरून बघत होता, नवी सून घरात आली की सासरा बघतो तसा.

मग त्यानं रताळ्याच्या चकत्यांची परडी मध्ये ठेवली. तिला त्या फार आवडायच्या. पूर्वी ती परडी घेऊन पळत सुटायची आणि मामा मागं लागायचा. तिनं एक चकती उचलली. तोंडाकडे नेली.

मामाला राहवलं नाही. त्याचे डोळे चमकले.

"चोरटे! आल्या आल्या माझं अन्न खायला लागलीस? सगळी कोठी खाऊन गेलीस, आता हेही?"

न्यामिझीचा हात थांबला. तिनं मामाच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसायची वाट बघत होता.

"माफ करा, आजोबा," ती म्हणाली. "मी विचारायला पाहिजे होतं."

आणि चकती परत परडीत ठेवली. नीट, इतर चकत्यांच्या ओळीत.

मामा म्हणाला, अगं खा. ती म्हणाली, नको, भूक नाही. तो म्हणाला, मी थट्टा करत होतो. खा, सगळ्या तुझ्याच आहेत, तुझ्यासाठीच वाळवल्यात. त्यानं परडी तिच्या गुडघ्यापर्यंत सरकवली. तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली, एक चकती घेतली, थँक्यू म्हणाली आणि तोंड बंद ठेवून चावायला लागली.

मामानंही एक घेतली. त्याला चावत नव्हती. त्यानं ती नुसती गालात धरून ठेवली, आणि ऊन त्याच्या स्टुलावर येईपर्यंत दोघं काही न बोलता बसली होती.